पथारीकडे वळलेली दुर्बीण

रनाळे
११ जानेवारी

ती. ममताताईस गोकुळचा शि. सा. न. वि. वि.

सुरतेत तुझी रात्रपाळी लागल्यापासून तुझ्या लेकीने इथे माझ्यावर राज्य मांडलंय. मोबाइल मी भिंतीवर आपटला हे मायने तुला सांगितलंच असेल. तिच्या फोनवर तिच्यासमोर मनातलं काय बोलणार? म्हणून ही चिठ्ठी सुरतेला माल नेणाऱ्या रेवजीच्या टेम्पोतून.

अंगणात दुर्बीण आलीय, ताई! धुळ्याच्या होस्टेलवरच्या मित्राला कॉलेजची पुस्तकं दिली, त्याने ही दिली. काल जेवणाआधी तुझ्या गायूला गुरू ग्रहाचे चंद्र दाखवले. ते रांगेत का उभे, त्यासनी प्रार्थना चालू शे का, असं विचारत होती. आता रोज दिवस मावळायच्या आधीच स्टूल घेऊन बसते.

दिवसा मी घरामागच्या मैदानात, मिरच्यांच्या पथारीवर, वाळत घातलेल्या मिरच्या उलथायला जातो. हसू नकोस. पथारी चेतनाच्या बापाची आहे म्हणूनच जातो, झालं समाधान? तिला बघायला नवापूरचे पाहुणे येणार आहेत. माझं डोकं ठिकाणावर नाही. तिचा भाऊ उमाकांत आज अंगणात येऊन बजावून गेला की नळी आमच्या घराकडे वळली तर मोडून हातात देईन. मोडून तर दाखव म्हणावं!

दाजींना नमस्कार. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा
गोकुळ

सुरत
१४ जानेवारी

चि. गोकुळ यास अनेक आशीर्वाद.

पुस्तकं दिलीस म्हणजे कॉलेजचं दारच लावून घेतलंस. ते भांडण समोर बसून करू. आधी हे वाच. सूर्य पुरता बुडाल्याशिवाय गायूचा डोळा त्या काचेला लागता कामा नये. आमच्या दवाखान्यात मी डोळ्यांचे पेशंट रोज बघते. तुझ्या दाजींना ती दुर्बीण मुळीच पसंत नाही. पोरीला काही झालं तर ते तिला इकडे घेऊन येतील आणि मी एका शब्दाने अडवणार नाही.

आणि नळी खरंच आकाशाकडेच असते ना? मी तुला ओळखते, म्हणून विचारते.

उत्तर लगेच दे. काळजीत बुडालेली,
ताई

रनाळे
१८ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल रात्री मायच्या फोनवर तू ओरडत होतीस आणि मी फोन मायकडे परत दिला. जे बोलता आलं नाही ते लिहितो.

काल संध्याकाळी पाहुणे येऊन गेले. मी पथारीवरून तसाच घरी आलो, नळी पथारीपलीकडच्या चेतनाच्या ओट्याकडे फिरवली, डोळ्याजवळची काच पुढेमागे करून पाहिलं. पाहुण्यांसमोर ती हसत होती. रागाने मी आत जाऊन पडलो, नळी तशीच राहिली. सूर्य तिच्याच घरामागे उतरत होता. गायू नेहमीसारखी स्टुलावर चढली आणि तिची किंकाळी आली. ताई, मला वाटलं सूर्यच गेला डोळ्यात.

ती नखांनी डोळा चोळत होती. मायने तिचा गाल हुंगला आणि मिरची म्हणून ओरडली. मला एकच आठवलं, उमाकांतची धमकी. त्यानेच काचेला तिखट फासलं! धावत पथारीवर गेलो आणि सगळ्या मजुरांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. गायू रडत माझ्या मागे आली होती, हे मला दिसलंही नाही.

चेतना मध्ये आली. तुन्हं बोट तुन्हाच डोयामा घाली देख, एवढंच म्हणाली. मी इरेला पेटून बोट डोळ्यात घातलं.

आग झाली, ताई. दिवसभर मिरच्या उलथलेला हात न धुता त्याच हाताने मी काच धरली होती; मी डोळा टेकवला नव्हता, गायूने टेकवला.

मी एका डोळ्याने आंधळ्यासारखा उभा, आणि ज्याला मारलं त्या उमाकांतने गायूला मोटारसायकलवर मायच्या मांडीत बसवून नंदुरबारला नेलं. डॉक्टर म्हणाले की बुबुळाला नख लागलंय, नजर कशी आहे ते पट्टी सुटल्यावर कळेल. ती उद्या सुटेल. मला जेवण जात नाही.

दाजींना काय सांगायचं ते तू ठरव. गायूला नेलंत तर माझं तोंड बंद आहे.

अपराधी,
गोकुळ

सुरत
२० जानेवारी

चि. गोकुळ यास आशीर्वाद.

पट्टी सुटली. मायने भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं, गायूने तारखेखालची बारीक अक्षरंसुद्धा वाचली. फोन ठेवून मी वॉर्डाच्या जिन्यात बसून रडले.

तिला आणायला तुझे दाजी परवा निघणार होते. मग गायूच फोनवर आली. मम्मी, मामावर चिडू नको, त्याना बी डोया लाल शे, असं म्हणाली. मी चिडलेलीच आहे. पण दाजींना मी रविवारपर्यंत थांबवलं आहे.

तोवर उमाकांतकडे जा. चेतनासाठी नाही; तिचं ठरलंय असं माय म्हणते, तो घोट तुला गिळावाच लागेल. माफी मागायला जा, तीही पथारीवर, मजुरांसमोर. आणि जाताना गायूला बोटाला धरून ने. मामाने हात उगारलेला तिने पाहिला आहे. तेच हात जोडलेलेही तिला पाहू दे. मगच तिला तिथेच ठेवण्याबद्दल मी तिच्या बापाशी बोलेन.

रागासकट तुझीच,
ममताताई