डेपोच्या रंगातली पलटण

मी, आयुष्यभर दुसऱ्यांचे दात घडवणारा आणि आता निवृत्त झालेला कवळ्यांचा कारागीर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हात थरथरत नाही, हे अक्षरावरून कोणालाही दिसेल. डोके ठिकाणावर आहे. कोणी दडपण आणलेले नाही, कोणी फूस लावलेली नाही, नशापाणी केलेले नाही; सकाळचा चहा तेवढा झाला आहे. याआधी मी कधी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा रद्द करण्यासारखे काही नाही. माझ्या पश्चात घरात वाद होऊ नयेत, आणि जे आधीच होऊन गेले ते निदान नीट लिहून ठेवलेले असावेत, एवढ्यासाठी हा खटाटोप.

माझ्या कुटुंबात पत्नी, मुलगी आणि मुलगा आहेत. पत्नीचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, कायद्याने माझा वारस नाही. पण त्याला वगळून हे मृत्युपत्र पुरे व्हायचे नाही.

१. राहते घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी असे हे घर माझ्या स्वकष्टार्जित कमाईचे आहे. ते माझ्यामागे पत्नीचे. तिच्या हयातीत ते विकू नये किंवा गहाण ठेवू नये. तिच्यानंतर मुलगी आणि मुलगा यांनी सारखे वाटून घ्यावे. गॅलरीच्या कठड्यावर काळे-पांढरे शिंतोडे दिसतील, ते खेळातल्या प्लॅस्टिकच्या सैनिकांना रंगाआधीच्या अस्तराचा फवारा मारताना उडालेले आहेत. घासून जात नाहीत. पत्नीने सगळे उपाय करून पाहिले आहेत. या फवाऱ्याच्या वासाबद्दल सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात नोटीस लावली होती आणि तीत माझा उल्लेख 'काही रहिवासी' असा केला होता. त्यांना मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही.

२. बँकेतली ठेव. जी असेल ती पत्नीच्या औषधपाण्यासाठी आणि तिच्या मदतीला येणाऱ्या बाईंच्या पगारासाठी वापरावी. उरले तर मुलांचे.

३. हत्यारे आणि रंग. मेणाच्या सुऱ्या, बारीक कानशी, भिंगाचा दिवा, सगळे ब्रश आणि रंगांच्या बाटल्या मी मुलीला देतो. ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते आणि तिचा हात माझ्यावर गेला आहे. ब्रश पाण्यात उभे ठेवून फोनवर बोलायला जाऊ नये, एवढीच तिला विनंती. केस वाकले की ब्रश गेला.

हा नाद घरात कसा आला ते मुलांना नीट माहीत नाही, म्हणून इथेच सांगतो. मी काम करायचो त्या कवळ्यांच्या लॅबला काम देणारे एक दंतवैद्य होते. त्यांचा मुलगा शिकायला बाहेर गेला, तेव्हा माळा आवरताना त्यांना एक खोका सापडला. बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक, राखाडी प्लॅस्टिकचे, दूरच्या ग्रहांवर लढणारे. पाठीवर नळकांडी, हातात माझ्या ड्रिलसारख्या बंदुका. खोका माझ्यासमोर ठेवून ते म्हणाले, "तुमच्याकडे बारीक ब्रश आहेत. टाकवत नाही माझ्याच्याने. बघा काही होतंय का."

मी एक रंगवला. चिनी मातीच्या दातावर जशी छटा चढवतात तशी चढवली. आधी सपाट रंग, मग खाचांत पाणीदार तपकिरी, मग कडांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने उजेड. वाळल्यावर पत्नीला दाखवला. ती कणीक मळत होती. मान तिरकी करून तिने तो पाहिला.

"हा करतो काय?" तिने विचारले.

"काही नाही. उभा राहतो."

"एवढी हत्यारं घेऊन नुसता उभा? त्याला काहीतरी काम द्या."

खोक्यात खेळाच्या नियमांचे पुस्तक होते. मला त्याची तीन पाने वाचून झोप यायची. तिने ते डेपोत नेले आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळात वाचून काढले. माझी पत्नी बस डेपोत नियंत्रक होती. कोणती गाडी कुठल्या फलाटाला लावायची, कोणती थांबवायची, हे ती ठरवायची आणि भोंग्यावरून सांगायची. गावातली निम्मी माणसे तिला चेहऱ्याने ओळखत नसत, पण आवाजाने ओळखत. बाजारात तिने भाव विचारला की भाजीवाला मान वर करून बघायचा.

अशी आमच्यात वाटणी झाली. मी रंगवायचे, तिने लढायचे. मी कधी तिच्याशी जिंकलो नाही आणि तिने कधी ब्रश हातात धरला नाही.

४. दोन्ही सेना. तिच्या सेनेला मी डेपोचे रंग दिले: खाली लाल, वर पिवळा, मधून पांढरी पट्टी. सैनिक वाहणाऱ्या चिलखती गाड्यांच्या कपाळावर मार्गांचे नंबरही घातले. विरुद्ध बाजूचे परग्रहावरचे किडे. त्यांच्यासाठी मी वेगळे रंग आणले नाहीत. दातांच्या छटांचे रंग लॅबमधून उरायचे, ते वापरले. म्हणून आमचे किडे पिवळट हस्तिदंती आहेत आणि त्यांच्या नांग्या सिगारेट ओढणाऱ्याच्या दाढांसारख्या दिसतात. मुलगा लहानपणी त्यांना 'बाबांचे पेशंट' म्हणायचा.

रविवारी जेवणे झाली की टेबल पुसून त्यावर प्लायवूडचा पाट चढायचा. साच्यांचे उरलेले प्लास्टर ओतून केलेल्या टेकड्या त्यावर मांडायच्या, फ्रिजच्या थर्मोकोलचे पडके कारखाने मांडायचे. मुलगी पेशंटांची बाजू घ्यायची, मुलगा आईच्या मांडीवर बसून फासे टाकायचा. पुढे मांडीवर मावेनासा झाला, तरी फासे तोच टाकायचा. ती त्याला सांगायची, "मोकळी जागा दिसली की लगेच गाडी घालायची नाही. मागून कोण येतंय ते बघ आधी." खेळातले बोलतेय की डेपोतले, ते आम्हाला कळायचे नाही. त्या दुपारी कोणी दार वाजवले तर आम्ही चौघेही गप्प बसायचो, घरात नसल्यासारखे. तेवढे सुख मला पुढे कशातच मिळाले नाही आणि मी ते शोधलेही नाही.

लाल-पिवळी सेना पत्नीची आहेच. ती माझी नाही, म्हणून मी ती कोणाला देऊ शकत नाही. किड्यांची सेना मुलाला. तो बंदरावर क्रेन चालवतो, लांब राहतो, त्याच्याकडे कपाट नाही, हे सगळे मला ठाऊक आहे. कपाट घ्यावे.

५. मोठे चालते यंत्र. ढोपरापासून वाकणारे पाय असलेले, दोन्ही हातांना तोफा असलेले, फडताळात वरच्या फळीवर ठेवलेले. ते मी मेहुण्याला देतो. त्याची हकिगत अशी.

मेहुणा अधूनमधून बायको-मुलांना घेऊन आमच्याकडे रविवारी खेळायला यायचा; दार तेवढे त्याच्यापुरते उघडायचे. तो घरांना पडदे शिवून बसवायचा धंदा करतो. टेप कायम खिशात. आणि पडद्याला तो बोटभरही चुकत नसला तरी खेळात त्याची टेप सैल पडायची. सहा इंच चालणारा सैनिक त्याच्या हातात सात इंच चालायचा. एका रविवारी त्याने हेच यंत्र पूल ओलांडून पलीकडे ठेवले. पत्नी म्हणाली, "मागे घे." तो म्हणाला, "ताई, बरोबर आहे." ती म्हणाली, "तू लहानपणी गोट्या खेळतानाही असाच होतास." त्याला ते झोंबले. त्याच्या बायको-मुलांसमोर बोलली, हे जास्त झोंबले. टेप खिशात घालून तो गेला तो कित्येक वर्षे आला नाही. लग्नकार्यात समोर आला तर मला "भावोजी, बरे आहात ना" म्हणायचा आणि तिच्याकडे न बघता पुढे जायचा. आमच्या खिडक्यांचे पडदे तेव्हापासून दुकानातून आणलेले आहेत आणि एकही धड बसत नाही.

मग पत्नीला पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. तिला सगळे समजायचे, पण शब्द ओठांपर्यंत येईना. बोलणे शिकवायला बाई येऊ लागल्या. भल्या आणि चिकाटीच्या. त्या चित्रे दाखवायच्या, चेंडू, मांजर, घर. पत्नी भिंतीकडे तोंड करायची. गावाला गाड्या सांगणाऱ्या बाईने मांजर म्हणायचे, हे तिला सोसत नव्हते. घर इतके शांत झाले की मी रेडिओ लावून ठेवायचो आणि ऐकायचो नाही.

मेहुण्याला कळले तेव्हा तो आला. दारात चपला काढताना त्याला मान वर करता येईना. तिच्याशेजारी बसला आणि बसूनच राहिला. शेवटी मला म्हणाला, "भावोजी, पाट आहे का अजून?"

आम्ही पाट चढवला. तिचे सैनिक तिच्या डाव्या हाताशी मांडले. ती बोटाने दाखवायची आणि मी सरकवायचो. समोर मेहुणा, त्याने हे चालते यंत्र मागून घेतले होते. खेळ चालला होता, पण कोणाचे मन त्यात नव्हते. आणि त्याची पाळी आली तेव्हा त्याने टेप काढली, मोजले, आणि यंत्र चांगले बोटभर पुढे ठेवले. सवयीने ठेवले की मुद्दाम, ते त्याने आजवर सांगितलेले नाही. मीही विचारलेले नाही.

पत्नीचा डावा हात टेबलावर आपटला. तिचा चेहरा लाल झाला, मान ताणली गेली, आणि आतून कुठून तरी खरडत आल्यासारखा आवाज आला.

"फसवतोस."

मेहुणा हलला नाही. "काय म्हणालीस ताई?"

"मागे," ती म्हणाली. मग पुन्हा बळ लावून, "मागे घे."

त्याने यंत्र मागे घेतले. घेताना ते दोनदा आडवे पडले, कारण त्याला समोरचे दिसत नव्हते. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि नुसता उभा राहिलो.

बोलणे शिकवणाऱ्या बाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी चित्रांचे पाकीट पिशवीत टाकले आणि म्हणाल्या, "मला शिकवा हा खेळ." तेव्हापासून त्या फासे टाकतात आणि पत्नी आकडे सांगते. आता एकेका वेळी दोन-तीन शब्द येतात. शिव्याही येतात, त्या अगदी स्वच्छ.

यंत्र मेहुण्याने घरी न्यावे, पण रविवारी घेऊन यावे. आणि जो कोणी माझ्यामागे तिच्याशी खेळेल त्याला माझी ताकीद आहे: दया येऊन तिला जिंकू देऊ नका. तिला कळते.

६. पत्नीची व्यवस्था. मुलाचे म्हणणे, जिथे नर्सा असतात अशा ठिकाणी आईला ठेवावे. मुलीचे म्हणणे, आईने तिच्याकडे राहावे. दोघेही आईच्या काळजीनेच बोलतात, पण यावरून त्यांचे फाटले आणि ते एकमेकांचा फोन घेत नाहीत. हे सगळे बोलणे आईसमोर, तिच्या डोक्यावरून झाले. बराच विचार करून मी ठरवतो की माझ्यामागे पत्नीने मुलीकडे राहावे. मुलीचे घर चौथ्या मजल्यावर आहे आणि टेबल लहान आहे, पण माणूस हाताशी राहील. हे घर कुलूप लावून ठेवावे.

७. अंमलबजावणी. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम मी मेहुण्यावर सोपवतो. तो मोजण्यात लबाडी करील ही भीती नाही. ती फक्त खेळात.

मुलांचा अबोला मोडावा म्हणून मी एक बेत केला होता. सैनिक एकाला, फासे आणि नियम दुसऱ्याला, म्हणजे खेळायचे तर एकत्र यावेच लागेल. ज्यांचा सल्ला घेतला त्या वकीलबाईंनी तो ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "काका, मृत्युपत्र आहे हे, नाटक नाही. ते दुकानातून दुसरे फासे आणतील." तेव्हा बेत सोडला. भांडण त्यांचे आहे. मिटवायचे तर त्यांनीच मिटवावे. मी फक्त म्हणेन, तुम्ही दोघे एकाच पाटावर वाढलात.

खुलासा. वरील मजकूर पुरा झाल्यावर मी तो आज दोन्ही साक्षीदारांसमोर पत्नीला वाचून दाखवला. मुलगीही हजर होती. पहिली पाच कलमे पत्नीने मान हलवत ऐकली. सेक्रेटरींच्या ठिकाणी हसली. सहाव्याला तिने हात वर केला.

"थांबा," ती म्हणाली.

"काय चुकले?"

"खोडा."

मुलगी तिच्याजवळ वाकली. "आई, मी नीट सांभाळेन गं तुला. एकटीला कसं जमेल?"

पत्नीने तिच्या गालावरून हात फिरवला. मग तो हात टेबलावर सपाट ठेवला आणि बराच वेळ शब्द गोळा करत राहिली. आम्ही कोणी मदत केली नाही. बोलणे शिकवणाऱ्या बाईंनी तसे शिकवले आहे.

"मी इथे राहणार," ती म्हणाली. "ज्याला यायचंय, त्यानं यावं."

दुखण्यानंतरचे एवढे लांब बोलणे मी पहिल्यांदाच ऐकले. आवाज बारीक होता, पण सांगण्याची पद्धत डेपोतलीच. पुन्हा विचारायची सोय नाही. मुलगी डोळे पुसून उठली आणि फोन घेऊन गॅलरीत गेली. दाराआडून ऐकू आले ते असे: "हॅलो. हो, मीच. ठेवू नकोस. आई काय म्हणाली ऐक."

त्यामुळे कलम सहामधील "बराच विचार करून" पासून शेवटपर्यंतचा मजकूर मी खोडला आहे. त्याऐवजी असे वाचावे: पत्नी याच घरात राहील. ज्याला यायचे त्याने यावे. ही खाडाखोड माझ्याच हातची असून मला मान्य आहे.

खोडलेल्या ओळींशेजारी माझी सही आहे, साक्षीदारांच्या आहेत, आणि त्याखाली पत्नीने डाव्या हाताने केलेली आहे. तिच्या सहीची कायद्याने गरज नाही असे वकीलबाईंनी फोनवर सांगितले. तिने तरीही केली.

स्थळ: राहते घर, जेवणाची खोली
तारीख: १९ नोव्हेंबर, रविवार

लिहून देणार: (सही) कवळ्यांचा कारागीर, निवृत्त

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली आणि ज्यांनी माझ्यासमोर केली:
(सही) वाचा-उपचार करणाऱ्या बाई
(सही) तळमजल्यावरचे शिंपी