मतदान गुप्त असतं
शांती नगर, जून १९९६. मंगळवार, संध्याकाळ.

निवडणुकीच्या पाहणीसाठी आलेल्या मुलीच्या यादीत माझं नाव नव्हतं, शेजारच्या सावंतवहिनींचं होतं. मी नुसती सोबतीला बसले.

"कोणाच्या सल्ल्याने मत दिलंत?" मुलीने विचारलं.

"ह्यांच्या मिस्टरांच्या!" वहिनी हसल्या. "भाऊजी म्हणाले, मी देतोय तिथेच द्या."

मला हे तीस वर्षं सांगतायत, मतदान गुप्त असतं. दुसऱ्याचं गुपित विचारू नये, हे कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी शिकवलेलं, म्हणून मीही कधी विचारलं नाही. आणि वहिनींना आपणहून सांगितलं?

घरी येऊन मी चहा दिला, तेव्हा ह्यांनीच विचारलं, "तू कोणाला दिलंस गं?"

"गुप्त असतं," म्हटलं.

पुन्हा एकदा विचारलं असतं, तर सांगितलं असतं. त्यांनी बशीत चहा ओतला आणि पेपर उघडला.