फॉर्मवरचं वजन

प्रिय दादा,

डॉक्टरबाईंविरुद्धची तुझी तक्रार मिळाली. त्यांच्या हलगर्जीपणामुळे आपला बारक्या गेला, असं लिहून खाली माझ्या सहीला जागा सोडलीयस. चार दिवस तो कागद माझ्या शिलाई मशीनवर पडलाय. दिसला की डोकं फिरतं.

ताप आला तेव्हा बारक्याने पहिला फोन तुलाच केला होता. लिफ्टच्या कामावर चार पायऱ्या चढलो तरी धाप लागते म्हणाला. तू हसून म्हणालास, आधी खाणं कमी कर. कोरोना असेल असं त्यालाही मग वाटेना. तीन दिवस स्वतःच्या पोटाला शिव्या देत घरात बसला. लाज कशी वाटली नाही रे तुला? त्याने बसवलेली पहिली लिफ्ट बघायला आपण गेलो, तेव्हा आतली पाटी वाचत त्याच्या साहेबांसमोर तू म्हणालास, “आठ माणसं किंवा एकटा बारक्या.” सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. मग महिनाभर आपल्या कुणाकडे जेवायला आला नाही. मीही हसले होते, ते विसरलेले नाही.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. चरबी नुसती अंगावर साठून राहत नाही म्हणाल्या, ती आतल्या आत बारीक सूज धुमसत ठेवते. शरीराचे राखणदार आधीच त्यात गुंतलेले. विषाणू घुसला की त्यांना उशिरा जाग येते, आणि मग ते घरातलीच भांडीकुंडी फोडत सुटतात. त्यात पोटाच्या भाराने छाती पुरती फुलत नाही. श्वास चालावा म्हणून त्याला पालथं झोपवायला पाच जण लागायचे. त्यात रोज बाईंचेही हात असायचे. हा आजार आहे, आळस नव्हे, असं त्याच्याबद्दल कुणी बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. आणि तू त्यांच्याच मागे लागलास.

आता नीट वाच. भरती करताना त्याला काट्यावर उभं राहवेना. रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन वजनावर ठरतं, म्हणून बाईंनी मला विचारलं. खरा आकडा एकशे अठरा किलो. शर्टाचं माप देताना त्याने मला एकटीला सांगितलं होतं, दादाला कळू देऊ नकोस अशी शपथ घालून. आणि बाईंनी विचारलं तेव्हा तू माझ्या हातातल्या फोनवर होतास, स्पीकर चालू. मी पंच्याऐंशी म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं, “नक्की?” मी हो म्हणाले आणि फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहिलं. सहाव्या दिवशी त्याच्या फुप्फुसात गुठळी झाली. डोस पुरेसा असता तर वाचला असता का, हे बाईही सांगू शकल्या नाहीत. हो, काल जाऊन मी त्यांना सगळं सांगून आले. तक्रारीत नाव घालायचं तर माझं घाल. तू हसू नयेस म्हणून मी खोटं बोलले, दादा. तुझं नाव घालायचं की नाही, ते तू ठरव.

तुझीच,
मधली