खिडकीखालची खुर्ची

मी, लुपे फिफिता, वय एकोणऐंशी, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार कोलोवाई, टोंगा, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शंका असेल त्याने मला जगातल्या नद्या विचाराव्यात.

१. जमीन धाकटा भाऊ सेमिसी याच्या नावे आहेच. तीवरचे घर मी बांधले. ते त्याची मुलगी सेइनी हिला मिळावे. डुकरे चर्चला. त्यातले लंगडे फार खाते, हे पाद्रीबुवांना आधी सांगू नये.

२. घराला अट आहे. आमची बहीण वाइनी गेल्या वर्षी इस्पितळात, नळ्यांच्या जंजाळात वारली. आमच्यात भाऊ बहिणीच्या खोलीत पाऊल टाकत नाही, पण निर्णय तोच देतो. सेमिसी दाराबाहेर उभा होता. डॉक्टरांनी विचारले, "सगळे उपाय करायचे ना?" तो म्हणाला, "करा." मी पोचले तेव्हा वाइनीची वाचा गेली होती.

"उपायांनी होणार काय, ते विचारलंस?"

"ताई, डॉक्टरांना उलट विचारायचं? असे वाढलोय का आपण?"

वाइनीला घरी, ओसरीवर, झाडावरच्या वटवाघळांचे भांडण ऐकत पडायचे होते. हे सगळ्या गावाला ठाऊक होते, सेमिसी सोडून.

३. म्हणून माझ्या आजारपणात निर्णय सेइनीचा. तिने विचारावे: या उपायाने आत्या बरी होईल, की नुसते मरण लांबेल? दुखणे कशाने कमी होईल? घरी नेता येईल का? उत्तर कळले नाही तर पुन्हा विचारावे. नुसती मान डोलावली, तर घर चर्चला आणि डुकरे तिला.

"आत्या, मला डॉक्टरांची भीती वाटते," ती म्हणाली.

"आणि माझी?"

"तुमची जास्त."

"मग झालं तर."

४. सेमिसीला माझी वेताची खुर्ची, आजपासूनच. मी अंथरुणाला खिळले की ती ओसरीवर, माझ्या खिडकीखाली ठेवावी. त्याला आत येण्याची मनाई आहे, बोलण्याची नाही. त्याने रोज विचारावे, "ताई, तुला काय हवंय?" वाइनीला हे कोणी विचारले नाही. माझे उत्तर आले नाही, तरी त्याने उठून जाऊ नये.

ता. क. हे वाचून दाखवताना सेमिसी ओसरीवरून ओरडला, "ताई, खुर्चीला गादी नाही!" गादी मिळणार नाही. झोप लागेल.

सही: लुपे फिफिता
आमच्यासमोर सही केली: तेविता मोआला, शेजारी, लोसालिने हवेआ, निवृत्त परिचारिका
कोलोवाई, १४ ऑगस्ट २०१८