तुम्ही वाडी दाखवायचात

दादा, गुडघा दुखतो म्हणून मी सायकलरिक्षात बसले, एरवी बसले नसते. न्यूयॉर्क शहराच्या मधोमध एक अवाढव्य बाग आहे, आपलं सगळं गाव तिच्यात मावून वर जागा उरेल एवढी. तिथे तीन चाकांच्या रिक्षा असतात. पुढे माणूस पायडल मारतो, आणि मारता मारता मागच्यांना बाग दाखवतो. तुमची नात त्या शहरात नोकरी करते. तुम्ही गेलात तेव्हा ती माझ्या पोटात होती, आता तिची तिशी उलटली. ती म्हणाली, "आई, तुला चालवत नाही ना, मग रिक्षाने फिरू." पण खरं कारण गुडघा नव्हतंच. खरं कारण रिक्षाजवळ उभं होतं, उंच, चष्मेवालं, माझ्यासाठी पाण्याची बाटली हातात धरून.

मुलगा मूळचा केरळचा, पण जन्मापासून परदेशातच वाढलेला. दोघांचं ठरल्यासारखंच होतं. तरी तिने मला फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "तू ये, त्याला बघ. तू नाही म्हणालीस तर मी नाही करणार." तिचे बाबा गेल्यापासून ती लहानसहान गोष्टही मला विचारून करते. मला ते आवडतं आणि त्याची धास्तीही वाटते. माझ्या एका शब्दावर पोरीचा संसार अडकून बसलेला. एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीत बसून मी जायच्या आधी हाच एक विचार करत होते, की मी माणूस ओळखणार कसा? तुम्ही ओळखायचात. निदान मला तेव्हा तसं वाटायचं.

रिक्षावाला बांगलादेशचा होता, हिंदी बरं बोलायचा. मला मधे बसवलं, दोघं दोन बाजूंना. निघाल्यावर तो एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने दाखवायला लागला. या पुलावर सिनेमाचं शूटिंग झालं, त्या कारंज्यापाशी दुसऱ्या सिनेमाचं, या बाकावर हिरोने हिरॉइनला मागणी घातली. एवढी झाडं, पानं पिवळी-तांबडी होऊन नुसती पेटलेली, आणि हा बाबा सिनेमावरून हलेना. शेवटी मी एका जाड बुंध्याच्या झाडाकडे बोट करून विचारलं, हे कुठलं? त्याने मान मागे वळवून झाडाकडे अगदी आदराने पाहिलं आणि म्हणाला, "माँजी, यह बहुत पुराना पेड़ है." मला हसू फुटलं. तेवढ्यात डाव्या बाजूने मुलाने फोन उचलला, झाडावर धरला आणि म्हणाला, "एल्म, आंटी." आताच्या फोनला डोळे असतात, दादा, झाड दाखवलं की नाव सांगतो. नाव बरोबरच असणार. पण मी फोनला विचारलं नव्हतं, आणि माझं हसू तिथेच विरलं.

मग थोड्या वेळाने लक्षात आलं की हे सगळं मी आधी पाहिलेलं आहे. पाहुणे आले की तुम्ही चहाचा कप खाली ठेवता, पायजमा दोन बोटं वर खोचता आणि म्हणता, चला, वाडी दाखवतो. आई आतून पुटपुटते, आता जेवणाला उशीर. तुमचा क्रम ठरलेला असतो. कुंपणाच्या नारळांपासून सुरुवात, मग केळी, मग पानवेलीची सावली, मग मोगरा, आणि सगळ्यात शेवटी बावखल, आपलं ते वाडीतलं छोटं तळं, काठावरच्या आंब्याखाली. तिथे तुम्ही कुणालाच आधी नेत नाही. कुणी घाई केली की मुद्दाम केळीपाशी जास्त रेंगाळता. मी तुमच्या मागे, तुमच्या सदऱ्याच्या पाठीवरचा घामाचा डाग बघत चालते. तसाच डाग त्या रिक्षावाल्याच्या पाठीवर हळूहळू मोठा होत होता.

आणि मला बघायला कुणी आलं की आधी वाडीच. मुलगी पोह्यांचं ताट घेऊन येण्याच्याही आधी. काकी म्हणायची, "त्यांना पोरगी बघायचीये का केळी?" तुम्ही ऐकलं न ऐकलंसं करायचात. तुमची नजर माणसाच्या पायांवर असायची. पाण्याचे पाट किती मऊ असतात, नवख्याचा पाय पडला की बांध फुटतो आणि पाणी भलतीकडे जातं. कोण बघून टाकतो, कोण बोलत बोलत तुडवतो, हे तुम्ही पाहायचात, एवढं मला माहीत होतं.

पहिला आला तो दादरचा, इंजिनियर, घरचे सगळे शिकलेले. एकाही पाटावर त्याचा पाय पडला नाही. ओलांडायच्या आधी थांबून तुम्हाला विचारायचा, इथून येऊ ना? घरात सगळे खूश. काकीने तर मनातल्या मनात अक्षता टाकल्या होत्या. ते लोक चहा पीत बसले असताना तुम्ही मला बावखलापाशी बोलावलंत. पाण्यात पाय सोडून बसला होतात. माझ्याकडे न बघता, 'सांग'चं 'हांग' करणाऱ्या आपल्या घरच्या बोलीत विचारलंत, "हांग बाय, तुला कसा वाटला?"

त्या काळी आमच्या वयाच्या कुठल्या मुलीला हे कुणी विचारलं असेल? माझ्या मैत्रिणींना लग्नाची तारीख कळायची, तीही शेजारणीकडून. मी म्हटलं, नको. का, ते मला सांगता आलं नसतं. आजही नाही येणार. तुम्ही विचारलंच नाहीत. उठलात, पाय झटकलेत, घरात जाऊन त्या लोकांना हात जोडून म्हणालात, "माफ करा, मलाच जुळवायचं नाही." मलाच. माझं नावसुद्धा घेतलं नाहीत. काकी त्यानंतर कितीतरी दिवस तुमच्याशी बोलली नाही, तुम्हाला पाणी द्यायचं तर तांब्या उंबऱ्यावर ठेवून निघून जायची. तुम्ही तो उचलून निवांत प्यायचात.

मग हे आले. पांढरी पँट घालून वाडी बघायला येणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. पानवेलीपाशी तुमच्याशी बोलता बोलता यांचा पाय पाटात गेला, पोटरीपर्यंत चिखल, चप्पल आत रुतून बसली, बांध फुटून पाणी मोगऱ्यात शिरलं. मी खिडकीतून बघत होते. हे आधी घाबरले, मग स्वतःच्याच पँटकडे बघून हसायला लागले. तुम्ही त्यांना विहिरीवर नेऊन बादलीने पाय धुतलेत. आई म्हणाली, लग्नाआधीच जावयाचे पाय धुऊन झाले की. बावखलापाशी तुम्ही पुन्हा तोच प्रश्न विचारलात आणि मी हसत हसतच "चालेल" म्हटलं. तुम्ही मान हलवलीत आणि फुटलेला बांध लिंपायला गेलात.

आता बागेत परत या. पुढे चढ लागला. रिक्षावाला सीटवरून उठून उभा राहिला, सगळं अंग पायडलवर टाकून रेटायला लागला, त्याचा श्वास आम्हाला ऐकू यायला लागला. मला बसवेना. मी म्हटलं, थांबव, मी उतरते. मुलगा माझ्या हाताला हलकेच धरून, तिच्याकडून शिकलेल्या हिंदीत म्हणाला, "आंटी, प्लीज बैठिए. उनको बुरा लगेगा." आणि स्वतःही बसूनच राहिला. धडधाकट तरणाबांड माणूस, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन. मी ऐकलं नाही, उतरलेच, गुडघा खाड्कन वाजला. तुमची नात माझ्यामागे उतरली आणि माझ्या कानात म्हणाली, "आई, प्लीज, त्याची टेस्ट नको ना घेऊस." रिक्षावाला मात्र खरंच खट्टू झाला. "माँजी, मैं रोज़ चढ़ाता हूँ," म्हणाला, आणि पुढचे दोन सिनेमे त्याने सांगितलेच नाहीत.

घरी आल्यावर, दोन दिवसांनी, भांडी घासताना मला तुमची सायकल आठवली. शाळेत सोडायला जाताना मी मागे कॅरियरवर, आणि पुलाच्या चढावर तुम्ही खाली उतरून मला तशीच बसवून सायकल ढकलायचात. मी म्हणायचे, उतरू का? "बस गप," असं तुम्ही तोडून टाकायचात. मी उतरले असते तर तुम्हाला राग आला असता. म्हणजे त्या मुलाचं काही चुकलं नव्हतं. पण हे दोन दिवसांनी आठवलं. त्या चढावर मला फक्त एवढंच दिसत होतं, की हा बसला आहे.

फेरी संपली तिथे तळं होतं. तिथेही शेवटीच तळं. आम्ही दोघी बाकावर बसलो, मुलगा कॉफी आणायला गेला. लहानपणी परीक्षेच्या दिवशी करायची तशी ती पायातल्या बुटाचं टोक जमिनीवर घासत होती. मग म्हणाली, "आई, कसा वाटला?"

माझ्या जिभेवर "नको" होतं. तुम्हाला खोटं कशाला सांगू. फोनने झाड ओळखतो, सगळ्याला नाइस म्हणतो, माझ्याशी बोलताना आधी तिच्याकडे बघतो, चढावर उतरत नाही. मला तो दादरचा आठवत होता. आणि तुम्ही जसे मी म्हटल्यावर उठलात तशी ती उठली असती, कारण विचारलं नसतं, मला खात्री आहे.

पण दादरच्याबरोबर आणखी एक गोष्ट आठवली. तुम्ही गेल्यानंतर एका दुपारी मी माहेरी होते, आई आणि मी बिरड्याचे वाल सोलत बसलो होतो. बोलता बोलता आई सहज म्हणाली, "तुझ्या दादांना तो दादरचा फार आवडला होता हो. बांधावर एक पाय पडला नाही म्हणून आठवडाभर सांगत होते मला." मी विचारलं, आणि हे? आई हसली. म्हणाली, "हे? रात्री म्हणाले, पोरीने पसंत केलंय, पण या माणसाला चालताना खाली बघायला कोण शिकवणार." वाल सोलता सोलता माझे हात थांबले होते. इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही पारखलंत आणि मी मान डोलावली. तुमची पारख तर उलटीच होती. ती तुम्ही गिळलीत, दोन्ही वेळा, आणि मला कळूही दिली नाहीत.

आणि गिळून वर काय केलंत, तर दर सुट्टीला यांना वाडीत फिरवलंत. पाट आला की यांचं कोपर धरायचात. केळीचा पहिला घड यांच्यासाठी बाजूला. शेवटच्या आजारपणात तर आमच्या कुणाच्या हातून औषध घ्यायचा नाहीत, जावई येऊ दे म्हणायचात. माझा संसार चांगला झाला, दादा. चिखलात पडूनही हसणारा माणूस घरात असला की बरंच काही निभावतं. ते सगळं तुमच्या त्या एका प्रश्नामुळे मिळालं, आणि त्या प्रश्नाबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत, कारण तो किती महागाचा होता हे तुम्ही असेपर्यंत मला ठाऊकच नव्हतं.

तर मी त्या बाकावर तिला म्हटलं, "मला काय विचारतेस? हांग बाय, तुला कसा वाटतो?"

घरची बोली तिला येत नाही, पण आजीच्या तोंडून तिने ती ऐकलेली आहे. तिने बूट घासणं थांबवलं. मग बोलायला लागली. तो तिच्या आजारपणात कसा जागला, तिचे बाबा गेले तेव्हा विमानतळापर्यंत कसा न बोलता सोबत आला, चिडला की कसा भांडी घासत सुटतो. बोलता बोलता रडली आणि हसली. मी म्हटलं, झालं तर मग. तो कॉफी घेऊन आला तेव्हा तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्या उंच माणसाच्या हातातली कॉफी त्याच्याच बुटावर सांडली. तेवढ्यापुरता तो मला बरा वाटला.

आता मी परत आले आहे. थंडीत ते दोघं येतील, लग्न इथेच करायचं म्हणतात. अर्धी वाडी गेली, तिथे इमारत उभी आहे, पण भावाने बावखल आणि आंबा राखला आहे. मी त्याला सांगून ठेवलंय, मुलगा आला की आधी वाडी दाखवायची, पाटाला पाणी सोडून. भाऊ म्हणतो, कशाला, पडेल तो. मी म्हटलं, पडू दे, मी कोपर धरीन.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, कुणाला दाखवायचं तर त्याहून नाही. तिला मी सांगितलंय की मुलगा मला पसंत आहे. तो मला अजून फारसा आवडलेला नाही, दादा. तुम्हाला यांच्या बाबतीत किती दिवस लागले होते, तेवढं विचारायला मी हे लिहायला बसले.