हायड्रिलातलं वर्तुळ

राहाता, १२ मे १९९५

कालव्याकडेच्या डबक्यातली हायड्रिला ही पाणवनस्पती बंद बरणीत उन्हात ठेवली होती. पाण्यातला कर्बवायू जवळजवळ संपला, तरी हायड्रिलाबाईंचं साखर करायचं काम चालूच! थंडीत आणलेली एव्हाना हात टेकायची. म्हणजे उन्हाळ्यात ही उसासारखी वागते – वायू आधी पकडून ठेवायचा, मग त्याची साखर करायची.

फक्त उसाला त्यासाठी दोन खोल्या लागतात. शिरेभोवती मोठ्या पेशींचं वर्तुळ असतं, साखर तिथं होते. हायड्रिलाच्या पानात वर्तुळच नाही. सगळं एकाच पेशीत. आमचं घरही एका खोलीचं, त्यामुळे मला फारसं नवल वाटलं नाही.

१५ मे

राधाकृष्ण सरांना दाखवलं. सर माझे मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि मुख्य म्हणजे ऊसवाले. म्हणाले, "उसाला वर्तुळाबिगर जमत न्हाई, ते या शेवाळाला जमंल व्हय?"

या जिल्ह्यात उसाच्या पुढे जायचं नाही, मग तुम्ही वनस्पती का असेना.

१६ मे

पानाच्या पातळ कापाची स्लाइड चौदाव्यांदा बघितली. वर्तुळ नाही.

२ जून

सर म्हणाले, "प्रज्ञा, तुझं सेक्शन जाड येतंय. वर्तुळ असनारच. ते सापडल्याबिगर मी प्रबंधावर सही करनार न्हाई." सही नाही तर एम.फिल. नाही. एम.फिल. नाही तर कॉलेजातली नोकरी नाही. आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग काढ की एक गोल. तुला चित्रं लई छान येत्यात."

विज्ञानाचा एवढा मोठा प्रश्न भाकरी उलटेपर्यंत सुटला.

५ जून

काढलं. फार सुबक आलंय. सरांनी आकृती बघितली आणि तिथल्या तिथे सही केली. त्यांना हवं ते मिळालं, मलाही. घरी आल्यावर मात्र स्वतःची किळस आली.

२१ जुलै

तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई आकृतीपाशी थांबल्या. म्हणाल्या, "हायड्रिला हे वर्तुळाशिवाय करते, हे कळून बरीच वर्षं झाली. तुम्हाला वर्तुळ दिसलं असेल तर आमचं सगळं चुकलं. स्लाइड लावा."

मी सरांकडे बघितलं. आता सावरतील! सर उठले, सूक्ष्मदर्शकावरचं फडकं स्वतःच्या हाताने काढलं, मला खुर्ची ओढून दिली. "लाव प्रज्ञा, दाखव त्यांना."

सरांना खरंच वाटत होतं, मला ते दिसलंय.