वैयक्तिक संवाद

१४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत, तुम्हीही असाल. माझी तब्येत आता ठणठणीत आहे. बुडी मारायला शिकवण्याचे वर्ग पुन्हा घेते आहे.

तुझा शोधनिबंध उन्हाळ्यातच मिळाला होता. सोबत चिठ्ठी, "शेवटचं पान बघ, तुझं नाव छापलंय!" बघितलं. तुम्ही लोक पुरावा म्हणून काय काय देता ते पहिल्यांदाच नीट वाचलं. दुसऱ्यांचे निबंध, जुनी सर्वेक्षणं, संग्रहालयातल्या बरणीतला मासा. आणि सगळ्यात खाली मी. 'वैयक्तिक संवाद.' म्हणजे कुणीतरी तोंडी सांगितलेलं, असंच ना?

आत नकाशाही आहे. समुद्रघोड्यांची ती उथळ जागा कुणीही बोट ठेवून दाखवावी इतकी स्पष्ट.

मग अनोळखी बोटी यायला लागल्या. शोभेच्या माशांच्या टाक्यांसाठी समुद्रघोड्यांना केवढं गिऱ्हाईक असतं, हे मी तुला काय सांगावं? गेल्या आठवड्यात उस्तादांबरोबर खाली गेले. ज्यांनी मला बुडी मारायला शिकवलं आणि कुणाला न सांगण्याच्या बोलीवर ती जागा दाखवली, ते उस्ताद. तळाचं समुद्रगवत उपटलेलं. एकही समुद्रघोडा नाही.

बोटीत चढल्यावर त्यांनी विचारलं, "कुणाला बोललीस का?"

"बहिणीला."

"फक्त बहिणीला?"

"हो."

ते बराच वेळ तोंड पुसत राहिले. आता माझ्याशी कामापुरतं बोलतात.

तुला कल्पना नसेल, असं मी मनाला समजावलं होतं. पण परवा ह्यांनी निबंध चाळला. माझ्या नावापुढे तारीख आहे, तिच्यावर बोट ठेवलं आणि उठून गेले.

त्या दुपारी मी तुला दवाखान्यातून फोन केला होता. डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते की बाळाचे ठोके लागत नाहीत. ते शब्द माझ्या तोंडून निघेनात, म्हणून मी भलतंच बोलत सुटले. समुद्रघोड्यांत नर पिल्लं पोटाशी वागवतो, मी स्वतः पाहिलंय, अमुक ठिकाणी. तू म्हणालीस, "बोल गं, मी ऐकतेय." मागे टकटक टाइप केल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, कामाच्या गडबडीतही ताई माझ्यासाठी थांबलीय. पाणी किती खोल, हे तू दोनदा विचारलंस.

दुसऱ्या दिवशी आईकडून कळल्यावर तू धावत आलीस, माझ्या उशाशी बसून रडलीस. ते रडणं खरं होतं, ते मी नाकारत नाही. पण म्हणजे छापताना ती तारीख कसली आहे, हे तुला ठाऊक होतं, ताई.

काल तुझा निरोप आला, अशी आणखी एखादी जागा माहीत आहे का म्हणून.

आहे.

फोन करू नकोस. मी उचलेन, आणि मग मला तुझ्याशी जपून बोलावं लागेल. ते मला अजून जमत नाही.

तुझी
धाकटी